मुक्या कुंतलाची कैफियत

आपल्याकडील पुष्कळ गावांतल्या जुन्या देवळांच्या वाट्याला जीर्णोद्धाराच्या नावाखाली जे आले आहे, ते ज्याने डोळ्यांनी पाहिले असेल, त्याला प्रस्तुत विषयाचा गाभा निराळा समजावून सांगण्याची फारशी गरज पडणार नाही. काळ्या पाषाणातील कोरीव कामावर ऑइलपेंटचे थरावर थर चढतात, झिजलेल्या पायऱ्यांवर चकचकीत फरशी बसते, आणि वर्गणी देणाऱ्यांचा हेतू कितीही निर्मळ असला, तरी अखेरीस देऊळ नवे होते आणि जुने देऊळ त्या नव्याच्या पोटात गडप होते. पन्नास-साठ वर्षांची एखादी इलेक्ट्रिक गिटार दुरुस्तीसाठी मेजावर घेणाऱ्या कारागिरापुढे नेमका हाच प्रश्न उभा असतो: हे वाद्य पुन्हा वाजते करावयाचे आहे हे खरे, परंतु ते वाजते करताना त्याचे जुनेपण आपल्याच हातून पुसले जाऊ नये, याची तजवीज कशी करावी?

हा प्रश्न या वाद्याच्या बाबतीत अधिकच बिकट होतो, याचे कारण त्याच्या नादाच्या उगमात आहे. सतारीचा किंवा तंबोऱ्याचा नाद भोपळ्यात घुमतो, व्हायोलिनचा पातळ लाकडी पेटीत. परंतु इलेक्ट्रिक गिटारची काया बहुधा भरीव लाकडाची एक जाड फळीच असून, तिची तार नुसती छेडली तर तो आवाज शेजारच्या खोलीतही नीट पोचावयाचा नाही. तिला कंठ मिळाला तो १८३१ साली मायकेल फॅरेडेने शोधून काढलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वामुळे. तारांच्या खाली चुंबक ठेवलेले असतात आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या अतिसूक्ष्म तारेचे हजारो वेढे घातलेले असतात. वरची पोलादी तार चुंबकाच्या सान्निध्याने स्वतः किंचित चुंबकीय होते, ती कंप पावू लागली की वेढ्यांमधून जाणारे चुंबकीय क्षेत्र त्याच लयीत कमीजास्त होते, आणि वेढ्यांत एक क्षीण विद्युत्संकेत निर्माण होऊन तो ध्वनिवर्धकाकडे धाव घेतो. या अवयवाला सर्वत्र पिकअप म्हणतात. त्यातील वेढ्यांना आपल्या शालेय पाठ्यपुस्तकांनी कुंतल हा शब्द दिला असून, कुंतल म्हणजे केस, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ येथे विलक्षण चपखल बसतो. कारण ही तार खरोखरच केसाएवढीच बारीक, सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीची असते.

अशा प्रकारचा पहिला यशस्वी पिकअप १९३१ साली लॉस एंजेलिस येथे जॉर्ज बोशाँ या वादकाने सिद्ध केला आणि त्याचे पेटंट १९३७ साली मंजूर झाले. ज्या वाद्यावर तो बसविला ते मांडीवर आडवे ठेवून वाजविण्याचे हवाईयन पद्धतीचे ॲल्युमिनियमचे वाद्य होते, आणि गोल अंग व लांब दांडा यांमुळे लोक त्याला थट्टेने तळणीचा तवा म्हणत. त्याच हवाईयन गिटारने पुढे आपल्याकडेही घर केले, आणि मुंबईच्या चित्रसृष्टीत वावरणाऱ्या व्हॅन शिप्ले यांच्या ध्वनिमुद्रिकांतून चित्रपटगीतांच्या चाली शब्दांवाचून गुणगुणणारे ते विजेचे तंतुवाद्य ज्यांनी ऐकले आहे, त्यांना पिकअपचा आवाज अपरिचित नाही. अपरिचित असेल ते केवळ त्याचे नाव.

आता उदाहरणादाखल एकच वाद्य समोर घेऊ, म्हणजे विवेचन हवेत तरंगणार नाही. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे रेडिओदुरुस्तीचा व्यवसाय करणारे लिओ फेंडर, ज्यांना स्वतःला गिटार वाजविता येत नसे, त्यांनी १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर नावाची गिटार बाजारात आणली. तीन पिकअप, आणि चार स्क्रूंनी अंगाला जोडलेली, म्हणूनच सहज सुटी करता येणारी मान, ही तिची ठळक लक्षणे. १९६५ च्या जानेवारीत फेंडर कंपनी सीबीएस या बड्या प्रसारणसंस्थेने १ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतली, आणि त्या व्यवहाराच्या अलीकडची की पलीकडची, या एकाच प्रश्नावर आजही अशा गिटारींचे मोल खालीवर होते. अशी त्या व्यवहाराच्या आसपासची एक स्ट्रॅटोकास्टर आपल्या हाती आली आहे आणि तिच्या तीनपैकी मधला पिकअप मुका आहे, असे समजू.

अननुभवी माणूस अशा वेळी प्रथम स्क्रूड्रायव्हर उचलतो. जाणता कारागीर वही उचलतो. जमिनीच्या व्यवहारात सातबाऱ्याचा उतारा आणि फेरफाराच्या नोंदी पाहिल्यावाचून कोणी शहाणा माणूस पाऊल टाकीत नाही, तद्वतच या वाद्याचेही दस्तऐवज त्याच्या पोटात दडलेले असतात आणि ते आधी वाचावे लागतात. मान सोडवली की तिच्या बुडाशी पेन्सिलीने लिहिलेली, व पुढच्या काळात रबरी शिक्क्याने उमटवलेली तारीख सापडते. आवाजाच्या आणि स्वररंगाच्या गुंड्यांखाली जे पॉट असतात, त्यांच्या पत्र्यावर सात आकडे ठोकलेले असतात: पहिले तीन आकडे निर्मात्याचे, त्यापुढील दोन वर्षाचे आणि शेवटचे दोन आठवड्याचे. १३७६६१५ असे दिसले तर तो सीटीएस या कंपनीने १९६६ च्या पंधराव्या आठवड्यात घडविलेला भाग होय. परंतु हा पुरावा जपून वापरावा लागतो. १९६६ साली असे पॉट इतके घाऊक खरेदी केले गेले होते की ते त्यापुढची दोन-तीन वर्षे गिटारींत बसविले जात राहिले. म्हणून हा आकडा वाद्य याच्या आधीचे नाही एवढेच सिद्ध करतो, ते त्याच वर्षाचे आहे असे सिद्ध करीत नाही. डाखाचे ठिपके पाहावेत: मूळचा डाख काळवंडलेला, मंद आणि अखंड असतो, तर कोणी मागाहून हात घातला असेल तेथे चकाकी किंवा दुहेरी थर दिसतो. प्रत्येक फेरफार अशा रीतीने रुजू झालेला असतो. वाचणारा मात्र पाहिजे.

त्यानंतर येतो रोगणाचा मामला, आणि येथेच बहुतेक गुन्हे घडतात. त्या काळचे नायट्रोसेल्युलोजचे रोगण कालांतराने पिवळसर पडते, थंडीउन्हाने त्याला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा जातात, आणि वादकाचा हात जेथे रोज घासतो तेथे ते झिजून खालचे लाकूड उघडे पडते. मालकाला ही विटंबना वाटते आणि तो सारे खरवडून नवे रंगकाम करून घेतो. त्याच दिवशी वाद्याच्या बाजारभावाचा मोठा हिस्सा भुशाबरोबर झाडून टाकला जातो. आयर्लंडचे वादक रॉरी गॅलाघर यांच्या १९६१ च्या स्ट्रॅटोकास्टरवरील रोगण जवळजवळ सारे निघून गेले होते, आणि तीच उघडीवाघडी काया तिची ओळख ठरली. तेव्हा मऊ कापडाने मळ पुसावा, सुटू पाहणारे पापुद्रे जागच्या जागी चिकटवावेत, आणि गिटार रबरी किंवा रेक्झिनसारखे अस्तर असलेल्या स्टँडवर टेकवू नये, कारण असली अस्तरे या रोगणाला वितळवून चिकट करतात. याहून अधिक काही करण्याची बहुधा आवश्यकता नसते.

झिजणाऱ्या आणि झिजण्यासाठीच असलेल्या भागांचे मात्र तसे नाही. जर्मन सिल्व्हरचे पडदे बोटांखाली खड्डे पडून निकामी झाले तर ते घासून समतल करावे लागतात, आणि घासण्याइतकी उंची उरली नसेल तर नवे बसवावे लागतात. वरच्या टोकाची हाडाची पट्टी तारांनी खोल कापली गेली असेल तर तीही बदलावी लागते. पडद्यांखालची गडद पट्टी साठीच्या दशकाच्या मध्यापर्यंत ब्राझीलमधील शिसवाची असे व नंतर ती भारतीय शिसवाची होऊ लागली. म्हणजे आपल्या आजोळच्या झोपाळ्याचे आणि देव्हाऱ्याचे लाकूड कॅलिफोर्नियातील कारखान्यात जाऊन पोचले होते. मानेच्या आत एक पोलादी कांब असते, आणि तारांच्या ओढीने मान वाकू नये म्हणून ती कमीजास्त ताणता येते. मुंबईच्या किंवा कोकणाच्या पावसाळ्यात लाकूड दमट होऊन मानेचा बाक बदलतो, म्हणून जी मान मे महिन्यात सरळ होती ती श्रावणात वेडीवाकडी वाटली तर घाबरून निदान करू नये. कांबेला पाव फेऱ्याहून अधिक एका वेळी न फिरवता वाद्याला एक-दोन दिवस सवड द्यावी.

आता मुक्या पिकअपकडे वळू. मल्टिमीटर लावून रोध मोजला असता स्ट्रॅटोकास्टरच्या निरोगी कुंतलाचा आकडा सर्वसाधारणपणे साडेपाच ते साडेसहा हजार ओहमच्या दरम्यान येतो. आपल्या मधल्या कुंतलाने काहीच उत्तर दिले नाही, म्हणजे तार कोठेतरी तुटली आहे. या पिकअपची रचना पाहिली की ती का तुटते हे कळते. दोन पातळ पाट्यांमध्ये सहा दंडचुंबक उभे ठोकलेले असतात आणि स्वतंत्र रीळ न वापरता तार थेट त्यांच्याभोवतीच गुंडाळलेली असते. सुमारे आठ हजार वेढे, म्हणजे एक किलोमीटरहून अधिक लांबीची तार. वादकाच्या हाताचा घाम वर्षानुवर्षे आत झिरपतो, चुंबक गंजतात, आणि गंजाने तारेवरचे विद्युत्रोधक लेपन खाल्ले की एके दिवशी एखाद्या वेढ्याचा हिरवा चुरा होतो. पुष्कळदा मात्र दोष टोकाला, बाहेर येणाऱ्या जोडाजवळच असतो, आणि भिंग व स्थिर हात यांच्या साहाय्याने तो जोड पुन्हा साधता येतो. म्हणून कुंतलाला मृत ठरविण्यापूर्वी टोके तपासणे हे कारागिराचे पहिले कर्तव्य होय.

टोके शाबूत असूनही कुंतल मुकाच राहिला, तर मार्ग दोन. तेच चुंबक, त्याच पाट्या कायम ठेवून नवी तार गुंडाळून घेणे हा पहिला. संपूर्ण नवा पिकअप बसविणे हा दुसरा. पहिला मार्ग सनातनी आहे, तरी त्यातही एक हानी होते. फुलर्टनच्या कारखान्यात हे कुंतल यंत्रावर गुंडाळीत, परंतु तार बोटांच्या चिमटीतून सोडण्याचे काम बायांच्या हाती असे; १९५६ साली तेथे कामाला लागलेल्या ॲबिगेल इबारा यांचे नाव आज जगभरचे वादक आदराने घेतात. चिमटीचा दाब, एखादा वेढा तिरपा जाणे, यामुळे कोणतेही दोन पिकअप हुबेहूब सारखे उतरत नसत. ती तार काढून टाकली की त्या बोटांची स्वाक्षरी पुसली जाते, आणि म्हणूनच बरेच जाणते संग्राहक मुका कुंतलही न उसवता बाजूला ठेवून त्या जागी नवा बसविणे पसंत करतात.

नवा पिकअप निवडताना ग्राहकाला सर्वांत आधी भुरळ पडते ती रोधाच्या आकड्याची. अधिक ओहम म्हणजे अधिक जोर, असा बाजाराचा हिशेब असतो. हा हिशेब अर्धवट आहे. तांब्याचा रोध तापमानाप्रमाणे बदलतो: २० अंशांना ६,००० ओहम दाखविणारा कुंतल ४० अंशांना सुमारे ६,४७० दाखवील, म्हणजे पुण्यातील डिसेंबरच्या सकाळी मोजलेला पिकअप नागपूरच्या मे महिन्यातील दुपारी निराळाच भासेल, आणि आवाज तर दोन्हीकडे तोच! तार बारीक घेतली तरी आकडा वाढतो. स्वररंग ठरवितात ते मुख्यतः वेढ्यांची संख्या, चुंबकाचा प्रकार आणि कुंतलाचा आकार. कुंतल, पॉट आणि ध्वनिवर्धकापर्यंतची केबल यांचे मिळून एक विद्युत्मंडल बनते आणि एका ठरावीक वारंवारतेला ते अनुनाद दाखविते. स्ट्रॅटोकास्टरच्या बाबतीत हे शिखर सामान्य लांबीच्या केबलसह ४,००० हर्ट्झच्या आसपास पडते, आणि तीच त्या गिटारीच्या आवाजातील काचेच्या बांगड्यांसारखी किणकिण होय. वेढे वाढविले तर आवाज मोठा होतो, परंतु शिखर खाली सरकते, आणि किणकिण मावळून जाडपणा येतो. पॉटही यात सामील असतो: अशा एकेरी कुंतलांना २,५०,००० ओहमचे पॉट लावीत, कारण त्याहून मोठे पॉट लावले तर तीच किणकिण बोचरी होते. चुंबकांचीही अशीच जातवारी आहे. ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड यांच्या अल्निको नावाच्या मिश्रधातूचे क्रमांकित प्रकार असून, पाचवा प्रकार ठसठशीत व स्पष्ट, दुसरा त्या मानाने मवाळ समजला जातो.

एकेरी कुंतलाचा एक जन्मजात दोष म्हणजे घरातील विजेची गुणगुण. आपल्याकडील ५० हर्ट्झच्या पुरवठ्याचे पडसाद तो इमानेइतबारे उचलतो. यावर गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी उपाय काढला: दोन कुंतल शेजारी ठेवून त्यांचे वेढे आणि चुंबकीय ध्रुव परस्परांविरुद्ध योजले, की तारेचा संकेत दुप्पट होतो आणि बाहेरची गुणगुण मात्र एकमेकींना मारून नाहीशी होते. त्याच्या पेटंटसाठीचा अर्ज १९५५ साली दाखल झाला आणि पेटंट १९५९ साली मिळाले. मधल्या काळात व नंतरही काही वर्षे पिकअपच्या तळाला पेटंटसाठी अर्ज केला आहे, असा मजकूर छापलेली चिकटपट्टी असे, आणि तेवढ्या चिकटपट्टीमुळे आज त्या पिकअपांना सोन्याचा भाव येतो. गंमत अशी की पुढे चिकटपट्टीवर जो पेटंट क्रमांक छापला गेला, तो या पिकअपचा नसून वादक लेस पॉल यांच्या तारा अडकविण्याच्या साधनाचा होता. सत्तरीच्या दशकात असे जोरकस दुहेरी पिकअप स्वतंत्रपणे विकले जाऊ लागले, तेव्हा कित्येकांनी आपल्या जुन्या स्ट्रॅटोकास्टरचे अंग छिन्नीने कोरून ते आत बसविले. कोरलेले लाकूड परत येत नाही. आपल्या उदाहरणातील गिटारीला असा पिकअप हवा असेल तर एकेरी मापाच्या खाचेत बसणारे अरुंद दुहेरी पिकअप मिळतात. लाकडाला हात लावण्याचे कारण नाही.

आणखी दोन बारकावे खरेदीपूर्वीच ध्यानात घ्यावेत. जुन्या पिकअपांतील तिसऱ्या तारेखालचा चुंबक मुद्दाम उंच असे, कारण तेव्हा ती तार वेढे घातलेली, जाड असावयाची. आजची तिसरी तार साधी असल्यामुळे त्याच उंचीवर ती इतर तारांना दाबून ओरडते. म्हणून जुन्या नमुन्याची हुबेहूब नक्कल घ्यावी की चुंबक समपातळीत असलेला पिकअप घ्यावा, हे आपण कोणत्या तारा चढविणार यावर ठरवावे. दुसरे असे की शेजारचे दोन पिकअप एकत्र वाजतील तेव्हा त्यांच्या ध्रुवांची आणि वेढ्यांच्या दिशेची संगती नसेल, तर आवाज पोकळ आणि चिरका निघतो. शाळेतील होकायंत्र जुन्या पिकअपच्या माथ्यावर धरून ध्रुव आधी नोंदवून ठेवला, तर हा अपघात टळतो.

निवडीचा अखेरचा फैसला मात्र कानाचाच. क्वीन या वाद्यवृंदाचे ब्रायन मे यांनी १९६३ साली, सोळा वर्षांचे असताना, विकतची गिटार परवडत नाही म्हणून वडिलांच्या मदतीने जुन्या शेकोटीच्या चौकटीतील महोगनी आणि एका जुनाट मेजाचे ओक वापरून स्वतःची गिटार घडवावयास घेतली. पिकअपही त्यांनी स्वतःच गुंडाळले होते. परंतु तार बाजूला खेचून स्वर चढविताना चुंबकांच्या ध्रुवांच्या मांडणीमुळे आवाजात विचित्र खरखर येई, तेव्हा स्वतःच्या कष्टाचा मोह न धरता त्यांनी ते काढले आणि बर्न्स कंपनीचे तीन पिकअप आणून बसविले. ते शिट्टीसारखे किंचाळू लागले, कारण आतील वेढे सैल असल्यामुळे स्वतःच थरथरत होते. त्यावर त्यांनी आत अरल्डाइट ओतून वेढे घट्ट केले. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या आणि तेथल्या मुलांच्या वाद्यवृंदात पियानो वाजविणाऱ्या फारोख बुलसाराने फ्रेडी मर्क्युरी या नावाने ज्या आवाजाच्या संगतीत जग जिंकले, तो या गिटारीचा आवाज. १९९८ साली ऑस्ट्रेलियन कारागीर ग्रेग फ्रायर यांनी तिचा जीर्णोद्धार केला तेव्हा ते बर्न्सचे पिकअप काढण्याचा विचारही कोणाच्या मनात येणे शक्य नव्हते. तीसहून अधिक वर्षांच्या वहिवाटीने एके काळचा बदली भागच तिचा मूळ कंठ ठरला होता.

मिरजेच्या सतारमेकरांच्या दुकानात जुना तंबोरा दुरुस्तीला गेला, की भोपळा, दांडी, वरचे नक्षीकाम यांना शक्य तो धक्का लावीत नाहीत. परंतु घोडीवरची जवारी मात्र झिजली की पुन्हा काढावीच लागते, आणि ती खुली हवी की बंद हवी, हे गवयाला विचारल्याशिवाय कानस चालत नाही. इलेक्ट्रिक गिटारच्या कारागिरालाही याहून निराळा कायदा लागू नाही. जे केवळ पाहण्याने जुने आहे ते जसेच्या तसे राखावे, जे वाजण्याने झिजते ते बदलावे, आणि बदलताना मागून येणाऱ्या माणसाची वाट बंद करू नये.

म्हणून आपल्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये नवा पिकअप बसला, जुन्याच भोकांत जुनेच स्क्रू परत गेले आणि मधल्या स्थानावरून आवाज निघू लागला, तरी काम संपलेले नसते. मुका कुंतल मऊ कागदात गुंडाळून, त्याच्या दोन्ही वायरी न कापता, एका लिफाफ्यात ठेवावा. लिफाफ्यावर तारीख, कोणत्या जागेवरून काढला ती जागा, ध्रुव, मल्टिमीटरचे उत्तर आणि बसविलेल्या नव्या भागाचे नाव लिहावे. आणि तो गिटारच्या पेटीत, जेथे जादा तारा ठेवतात त्या कप्प्यात सारून द्यावा. पुढे केव्हातरी दुसरा कोणी स्क्रूड्रायव्हर हाती घेऊन बसेल, तेव्हा त्याला आपल्या फेरफाराची नोंद आयती सापडेल, आणि त्या मुक्या कुंतलाची कैफियत नव्याने ऐकावयाची की नाही, हे त्याचे त्याला ठरविता येईल.